डावखुऱ्या माणसाचा पाचवा स्मृतिदिन

"पाच वर्सं झाले त्या मानसाले जाऊन, अन् या गावात एकाच्याबी डोयात पानी नाही."

हे आमचे 'हे' स्वतःशी पुटपुटले. मी हातभर अंतरावर तांदूळ निवडत बसले होते. पण ह्यांचं पुटपुटणं अलीकडे असं झालं होतं, की ते माझ्यापर्यंत पोचलं त्याच क्षणी चौकातल्या पानठेल्यावरही पोचलं, आणि पानवाल्यानं तिथूनच ओरडून विचारलं, "कोन गेलं हो, माणिकराव?" ह्यांनी मान वर केली नाही. शेवटी मीच सूप बाजूला ठेवून दारात गेले आणि सांगितलं, "कोनी नाही गेलं, भाऊ. पाच वर्सापयले गेलं." पानवाला गोंधळला. मीही गोंधळलेलीच होते, पण घरच्या बाईला तसं दाखवता येत नाही.

गेलेला माणूस म्हणजे जिमी हेन्ड्रिक्स. अमेरिकेतला, काळा, डोक्यावर केसांचं हे एवढं टोपलं, हातात विजेवर चालणारी गिटार, आणि ती वाजवायची डाव्या हातानं. अठरा सप्टेंबर एकोणीसशे सत्तरला तो लंडनमध्ये वारला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. कारंज्याहून धनजकडे जाताना लागणाऱ्या, पंचवीस टेलिफोनांच्या आमच्या गावाशी त्याचा काय संबंध, असं आपण विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. त्या सगळ्यांना मी उत्तरं दिली, आणि प्रत्येकाला वेगळं दिलं. त्याचीच ही हकीगत.

संबंध आला रेडिओमुळे. आमचे हे टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेला हा पहिला माणूस, आणि खुर्चीही साधी नाही, फिरती. छप्पनला आम्ही दीक्षा घेतली, अठ्ठावन्नला ही खुर्ची आली. सासरे खास ती पाहायला ऑफिसात गेले होते आणि "एकडाव फिरवून दाखव" म्हणून उंबऱ्यातच उभे राहिले होते. ह्यांनी फिरवून दाखवली. सासरे घरी येऊन जेवलेच नाहीत, नुसते हसत बसले.

तर गेल्या तीनेक वर्षांत घरातला रेडिओ मोठा मोठा होत चालला. बातम्या मोठ्या, गाणी मोठी, कापसाचा बाजारभाव तर इतका मोठा की शेजारची मेहरबी भिंतीपलीकडून म्हणे, "लीलाबाई, हमकू कपास नही बेचनी." मग एका संध्याकाळी काटा फिरवता फिरवता हे कुठल्याशा परदेशी स्टेशनावर जाऊन पोचले. जिनिंगच्या यंत्रात मांजर सापडावं तसा आवाज आला. मी कानांवर हात ठेवले. हे मात्र ताठ बसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ह्यांचा हात आवाज वाढवायच्या बटणाकडे गेला नाही. "हा मानूस बरोबर वाजवते," एवढंच म्हणाले. मी कानांवरचे हात काढले. मला जे समजायचं होतं ते समजलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक गोष्ट कोणी बोलत नाही. मीही इथे बोलणार नाही. आपण शहाणे आहात.

माझा भाऊ जानराव मुंबईला गोदीत कामाला. त्यानं दिवाळीला येताना त्या माणसाची एक रेकॉर्ड आणली आणि इंग्रजी मासिकातून कापलेलं चित्र आणलं. रेकॉर्ड वाजवायची मशीन आमच्याकडे नव्हती, म्हणून हे ती रोज संध्याकाळी पाकिटातून काढत, मऊ फडक्यानं पुसत आणि परत ठेवत. काही घरांत देव पुसतात, आमच्याकडे ही.

आता ऑफिसचं सांगते, कारण सगळा जीव तिथंच अडकला होता. गावात कोणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की ऑफिसातल्या बोर्डावर त्याच्या नंबराचं झाकण पडतं. ऑपरेटरनं खुंटी लावून "नंबर?" विचारायचं आणि तो मागेल तो नंबर जोडून द्यायचा. पडलेलं झाकण ह्यांना दिसे. अडचण त्याच्या पुढची होती. पण सतरा वर्षांत गाव ह्यांना पाठ झालेलं. सकाळी नऊला आडत्याचं झाकण पडलं की त्याला कारंज्याचा भाव पाहिजे. दुपारी डॉक्टरांचं पडलं की त्यांच्या बायकोला माहेर पाहिजे. हे न विचारताच जोडून देत, आणि दहातले आठ बरोबर निघत.

राहिलेल्या दोघांनी आपली आपण सोय करून घेतली. कोणी सांगितलं नाही, सभा झाली नाही, पण वर्षभरात गावाची रीतच पडली. ज्याला फोन करायचा त्यानं आधी चिठ्ठीवर नंबर लिहून ऑफिसात पोचवायची आणि मग घरी जाऊन दांडा फिरवायचा. चिठ्ठ्यांसाठी खिडकीत बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला होता. डॉक्टर स्वतः सायकलवर चिठ्ठी टाकायला जात. एकदा ज्यांना फोन करायचा ते गृहस्थच त्यांना वाटेत भेटले. सगळं बोलणं रस्त्यात उभ्यानं झालं. तरी दोघांनी आपापल्या घरी जाऊन फोन केला, कारण चिठ्ठी टाकलेली होती. बाहेरगावचे ट्रंक कॉल आले की लाइनमन ग्यानबा खांबावरून उतरून येई आणि घेई. पाहुण्यारावळ्यांनी नवल केलं तर लोक म्हणत, "आमच्याकडं असंच आहे." मला तर वाटतं, गावात पोष्टापेक्षा टेलिफोनालाच जास्त कागद लागत होता.

आणि ऑगस्टात अकोल्याहून पत्र आलं. सगळ्या ऑपरेटरांची तपासणी होणार, सप्टेंबरात साहेब केव्हाही येणार. तपासणी कसली ते पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं. मी शाळेत गेलेली नाही, विहारात पाट्यांवरून वाचायला शिकले, पण त्या दिवशी वाटलं, शिकले नसते तर बरं झालं असतं. नापास झाले तर खुर्ची जाणार, आणि पेन्शनीला अजून नऊ वर्षं. ह्यांनी पत्राची घडी घालून रेकॉर्डच्या पाकिटात ठेवून दिली आणि तिसऱ्या दिवशी ते पुटपुटणं झालं. स्मृतिदिन करायचा. मांडव, फोटो, मेणबत्ती, आणि ती रेकॉर्ड भोंग्यावर सगळ्या गावाला लावायची.

मी म्हटलं, करू. माणसाची खुर्ची जायची ती जाईल, निदान एक संध्याकाळ त्याच्या मनासारखी होऊ द्यावी. किती लहानसं काम वाटलं होतं तेव्हा!

पहिल्यांदा माझी नणंद आली. बेबीताई अनसिंगला दिल्या आहेत, पण आमच्या घरात काही घडणार असलं की ते त्यांना आमच्याआधी कळतं. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "काहून व लिले, बाबाच्या पुण्यस्मरनाले पन्नास मानूस नव्हतं, अन् या परक्याले मांडव घालून राह्यली? कोन लागते तो आपला?"

"तुमच्या भावाचा आवडता आहे, ताई."

"मले कायले नाही सांगितलं त्यानं? थांब, त्यालेच इचारतो." आणि त्या ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बोलायला तोंड उघडलं. ह्यांनी नेहमीसारखं त्यांच्या ओठांकडे पाहिलं, अगदी लक्ष देऊन, शाळेतल्या मुलासारखं. बेबीताईंनी तोंड मिटलं. वळून मला म्हणाल्या, "खीर करजो. बुंदी लोकाईले पुरत नाही."

विहाराच्या कमिटीत तर दोन बैठका झाल्या. वर्षावासाचे दिवस, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, त्यात हा एक तास मागायचा. अध्यक्षांनी विचारलं, "मयत बौद्ध होते काय?" मी म्हटलं, नव्हते. "आंदोलनात होते?" मी म्हटलं, गिटार वाजवत. अध्यक्षांनी चष्मा काढला. तेव्हा मी म्हटलं, "काळे होते, दादा. त्यांच्या आजापणज्यांले बाजारात उभं करून विकत होते." कोपऱ्यातून म्हातारी कमलीबाई म्हणाली, "मंग कायले इचारता लेकहो? आपलाच तर हाय." ठराव पास झाला. कमलीबाईनं आपल्या परसातल्या शेवंतीचा हार कबूल केला, आणि शेवंतीला अजून कळ्याही नव्हत्या.

पत्रिका छापायला हबीबमियांच्या छापखान्यात गेले. हबीबमिया सावध माणूस. आणीबाणी लागून तीन महिने होत आलेले, आणि लग्नपत्रिकासुद्धा ते दोनदा वाचून छापत. मजकूर वाचून म्हणाले, "बाई, नावाच्या आधी काय टाकू? कैलासवासी, कालकथित, का मरहूम? तिन्हीचे खिळे जुळवून तयार आहेत."

"ख्रिस्ती लोकाईले काय टाकते?"

"ख्रिस्ती आपल्याकडे अजून कोनी मेलंच नाही."

पत्रिका आमच्या घरची, म्हणून कालकथित टाकायचं ठरलं. चित्राचा ठसा अमरावतीला करून आणावा लागला. आठ दिवसांनी पत्रिका हातात आल्या. कागद छान, शाई छान, पण चित्रातला माणूस उजव्या हातानं वाजवत होता. अमरावतीच्या कारागिराला वाटलं, चित्र उलटं आलंय. त्यानं चांगल्या मनानं, जास्तीचे पैसे न घेता, ते सरळ करून दिलं होतं.

हे किती तरी वेळ पत्रिकेकडे पाहत राहिले. मला वाटलं, लक्षात आलं नसेल. मग म्हणाले, आणि मोठ्यानंच म्हणाले, "डावखुरा मानूस उजवा करून टाकला. मेल्यावर तरी जसा होता तसा राहू द्या ना बापा त्याले." त्या दिवशी जेवले नाहीत. दोनशे पत्रिकांवर प्रत्येकीवर फुली मारून बाजूला स्वतःच्या अक्षरात 'डावा' असं लिहीत बसले. हबीबमियांना ते कळलं तेव्हा तेही येऊन बसले आणि शंभरांवर त्यांनी लिहिलं. रोजे चालू होते, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि माणूस 'डावा, डावा' लिहितोय.

मग पोलीस ठाणं. चार माणसं जमायची तरी कागद लागायचे असे दिवस. अर्ज ह्यांच्या नावानं, पण जिथे सवाल-जवाब असेल तिथे मी जायचं हे आमचं न ठरवता ठरलेलं. हवालदार दौलतसिंगांनी छापील फॉर्म काढला. तो कशाचा होता देव जाणे, पण ठाण्यात तेवढाच शिल्लक होता.

"मयताचं नाव?" मी सांगितलं. त्यांनी ते तीन ओळींत लिहिलं.

"बापाचं?"

"अल."

"पुढे?"

"पुढे काही नाही. अल."

"गाव?"

"सिॲटल."

"तालुका?"

"तेच तालुक्याचं, साहेब."

"कोनत्या पक्षाचे होते?"

"गिटार वाजवे."

दौलतसिंगांनी पेन थांबवलं. "सरकारविरुद्ध वाजवे काय?"

"आपलं सरकार त्याले माहीत नसन."

त्यांनी विचार केला आणि मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिलं, "मयतास सरकारची माहिती नाही." मग विचारलं, "कशानं वारले?"

मी खरं बोलणारी बाई. म्हटलं, "झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या."

"अरे! मंग अपघाती मयत झाली न ही. पंचनाम्याची नक्कल लागते."

"पंचनामा लंडनले झाला असन."

"तिथून मागवा."

"साहेब, परवा कार्यक्रम हाय."

ते खुर्चीत मागे रेलले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "अर्जदार माणिकराव आहेत. ते सोता काहून नाही आले?" मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. त्यांच्या टेबलावर फोन होता, आणि फोनशेजारी कोऱ्या चिठ्ठ्यांची नीट कापलेली गड्डी होती. आम्ही दोघांनी ती पाहिली. "ड्युटीवर असतीन," तेच म्हणाले, आणि शिक्का मारला. वर ताकीद दिली की घोषणा नको, भाषण नको, वाजवणं पाच ते सहा, आणि बंदोबस्ताला ते जातीनं हजर राहणार.

भोंगा आणि मशीन गावात एकाकडेच, मेहरबीच्या नवऱ्याकडे, जमशेदभाईंकडे. पण तारीख पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. एकोणीसला गणपती उठणार, भोंगा दहा दिवस मंडळाकडे. शेवटी मंडळाच्या हातापाया पडून तासाभरासाठी सोडवला. त्या बदल्यात मंडळाच्या अध्यक्षांना आमच्या मांडवात पुढची जागा द्यायची ठरली. मशीन मिळाली, पण तिची गती लग्नातल्या लहान रेकॉर्डींवर अडकलेली, आणि आमची रेकॉर्ड मोठी, सावकाश फिरायची. "थोडा तेज बजेगा, और कुछ नही," जमशेदभाई म्हणाले.

आदल्या दिवशी अंगणात करून पाहिलं. थोडा तेज काय, पिठाच्या गिरणीत भांड्यांचं कपाट पडल्यासारखं वाजलं. दवाखान्यातला कंपाउंडर स्ट्रेचर घेऊन धावत आला. मेहरबी दारात येऊन म्हणाली, "रोजे में ये सुनना गुनाह है के सवाब, मौलवीसाब से पूछना पडेगा."

हे भोंग्याजवळ मान कलती करून उभे होते. रेकॉर्ड संपल्यावर जमशेदभाईंनी भीत भीत हातानंच विचारलं, कसं काय? हे म्हणाले, "बरोबर आहे."

मी जमशेदभाईंकडे पाहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

अठराला गुरुवार होता. सकाळपासून मी चुलीजवळ, खीर ढवळत. दुपारी अडीचला ग्यानबा धापा टाकत परसदारानं आला. "वैनी, घात झाला. अकोल्याचे सायेब यष्टीतून उतरले. बोर्डापाशी बसून राह्यले. चिठ्ठ्याचा डबा मांडीवर घेऊन एक एक वाचून राह्यले."

मी डाव खिरीतच सोडून उठले. "हे कुठं आहेत?"

"त्याईची अर्धी सुटी होती न आज. आडत्याकडे सतरंज्या आनाले गेले."

"तुमी सायबाले काय सांगितलं?"

ग्यानबा चांगला माणूस आहे, पण खांबावर जेवढं सुचतं तेवढं त्याला जमिनीवर सुचत नाही. म्हणाला, "मी म्हनलं, त्याईच्या घरी कालकथित हाय."

तर पाचाला पाच मिनिटं असताना साहेब आमच्या दारात आले. तरुण माणूस, हातात कातडी बॅग, चेहरा पडलेला, आणि दारातच बूट काढून हात जोडून उभे. "फार वाईट झालं," म्हणाले. "आजच झालं का?" मी म्हटलं, "नाही साहेब, पाच वर्षं झाली." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी पानवाल्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

एवढ्यात बेबीताईंनी कमलीबाईचा झेंडूचा हार, शेवंती काही फुललीच नव्हती, सरळ साहेबांच्या गळ्यात घातला आणि त्यांना अध्यक्षांच्या खुर्चीत नेऊन बसवलं. ताईंचा हिशेब सरळ होता. गळ्यात हार घातलेला माणूस तपासणी कशी करील? साहेब म्हणाले, "मला माणिकरावांशी फक्त दोन मिनिटं..." ग्यानबानं त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली. ते म्हणाले, "एक साधी चाचणी आहे, मी मागे उभा राहून नुसतं नाव..." मंडळाच्या अध्यक्षांनी उठून त्यांना गुलाल लावला.

अंगण भरलं होतं. खरं सांगते, एवढी माणसं मला अपेक्षित नव्हती. आडते आले, डॉक्टर सायकलवर आले, आणि सवयीनं आल्या आल्या एक चिठ्ठी काढायला खिशात हात घालून थांबले. फोटोपुढे मेणबत्ती लावली. त्रिशरण-पंचशील झालं. हे पांढरा सदरा घालून फोटोच्या बाजूला खुर्चीत बसले, आणि जमशेदभाईंनी सुई टेकवली.

काय वाजलं ते मी वर्णन करत नाही. गावानं ते सहन केलं. सगळी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून, देवळात बसावं तशी बसून होती. साहेबांच्या वाटीतली खीर हलत होती. पण मी ह्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान डुलतेय, उजव्या हाताची बोटं मांडीवर नाचताहेत. लग्न झालं तेव्हा हे असे दिसत. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठीच केलं होतं सगळं. आता साहेबांनी काही का करेना.

आणि वीज गेली.

दिवस उजेडाचा, त्यामुळे दिवे विझले वगैरे काही नाही. नुसती रेकॉर्ड मंद होत होत, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी कण्हत कण्हत थांबली. अंगणात एकदम शांतता झाली. फक्त ह्यांची मान डुलतच होती. बोटं नाचतच होती. रेकॉर्ड ह्यांच्या आत अजून चालू होती.

साहेबांनी वाटी खाली ठेवली.

दौलतसिंग पुढे झेपावले. भाषण नको म्हणणारे तेच, आणि त्यांनीच आरोळी ठोकली, "कालकथितांसाठी दोन मिन्टं शांतता! सारे उभे राहा!" दीडशे माणसं एका झटक्यात उभी राहिली, हार घातलेले साहेबसुद्धा. मला वाटलं, वाचलो. पण त्या शांततेत हे गुणगुणू लागले. "ट्यांव... ट्यांव ट्यांव... डिर्रर्र..." पुटपुटत होते ते, त्यांच्या मनाशी. आडत्याचे बैल दावणीला मान वर करून पाहू लागले. हवालदारांना दोन मिनिटांपुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहणंच सोडून दिलं. पाच मिनिटं झाली. सहा झाली.

"माणिकराव," साहेब म्हणाले.

"डिर्रर्र ट्यांव," हे म्हणाले.

"माणिकराव!"

ग्यानबा म्हणाला, "सायेब, ते दुःखात आहेत."

जमशेदभाई म्हणाले, "मशीन मेरी है साब, गलती मेरी है."

बेबीताई म्हणाल्या, "आमच्या घरान्यात लहानपनापासून असेच डोये मिटून बसते, जी."

मेहरबीला काहीच सुचलं नाही, तेव्हा ती पदर सावरून म्हणाली, "साब, उनका रोजा है." साहेबांनी फोटोकडे पाहिलं, मेणबत्तीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी होती. दोन वर्षं मी दिवसाला चार थापा मारत आले होते, दुकानात, विहारात, ठाण्यात, आणि एकही दुसऱ्यासारखी नव्हती. मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले.

आधी मशीनकडे पाहिलं. थाळी थांबलेली. सुई वरती उभी. मग माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. हबीबमिया, आडते, सायकल धरून उभे डॉक्टर, टोपी काढलेले दौलतसिंग, कमलीबाई काठीच्या आधारानं. सगळी उभी. मग साहेबांचे हलणारे ओठ, आणि शेवटी नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे, की काय चाललंय ते सांग. मी ओठ हलवले नाहीत. मला हलवताच आले नाहीत.

हे खुर्चीवरून उठले. सदरा नीट केला. साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले. सासऱ्यांसमोर खुर्ची फिरवून दाखवली तेव्हा कसे उभे असतील, ते मी पाहिलेलं नाही, पण असेच असतील.

"सायेब, या लोकाईले बसू द्या," ते म्हणाले. "लय दिवसाचे उभे आहेत माह्यापायी."

कोणी बसलं नाही. ग्यानबानं "माणिकराव, राहू द्या न" म्हणून त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"मले ऐकू येत नाही."